गॅसचा गिझर : कोणता बिघाड घरी पाहावा, कोणत्या बिघाडात हात लावू नये

आपल्या नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा दहा अंशांच्या खाली जाते. फजरच्या वेळी वुजूला, दुकान उघडण्यापूर्वी अंघोळीला आणि घरातील लहान मुले व बुजुर्ग यांना गरम पाणी लागतेच. पूर्वी यासाठी घरोघरी तांब्याचा बंब असे. आपल्याकडे कोणी त्याला हमामही म्हणतात. तो अंगणात किंवा उघड्या मोरीपाशी ठेवला जाई. त्यात लाकूड किंवा कोळसा पेटे, धूर डोळ्यांना दिसे, म्हणून त्याला कोणी बंद खोलीत नेत नसे. आता त्याची जागा गॅसच्या गिझरने घेतली आहे. वीज लागत नाही, नळ सोडताच गरम पाणी येते आणि खर्चही आवाक्यात राहतो. परंतु त्याचा धूर दिसत नाही, म्हणून लोकांनी तो थेट न्हाणीघरात नेऊन टांगला. सर्व धोक्याचे मूळ येथेच आहे.

गिझर बिघडला की दोन प्रकारचे लोक दिसतात. एक, सेल संपले तरी मिस्त्रीला बोलावून पैसे देणारे. दुसरे, ज्योत पिवळी पडली, भिंत काळी झाली तरी ‘पाणी तर गरम येते ना’ म्हणून वापरत राहणारे. पहिल्याचे थोडे पैसे जातात, दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून बिघाडांचे दोन ढीग करावेत. पाणी आणि सेल यांच्याकडचे बिघाड बहुतेक घरी पाहण्यासारखे असतात. ज्योत, वायू आणि हवा यांच्याकडचे बिघाड दिसताच सिलिंडर बंद करावा आणि जाणकार मिस्त्रीलाच बोलवावे.

गिझर चालतो कसा

या गिझरमध्ये पाणी साठवलेले नसते. नळ सोडला की वाहते पाणी आतील पाण्याच्या व्हॉल्व्हमधील रबरी पडद्याला ढकलते. पडदा सरकला की एक छोटा स्विच दाबला जातो. स्विच दाबताच सेलच्या विजेवर ‘टकटक’ आवाज करीत ठिणग्या पडतात, वायूचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतो. ज्योतीजवळ एक बारीक दांडी असते, तिला सेन्सर म्हणतात. ज्योत आहे असे तिला कळले तरच वायू चालू राहतो, ज्योत विझली की वायू बंद होतो. ज्योतीच्या वर तांब्याच्या नळ्यांची जाळी असते. पाणी त्या नळ्यांतून जाताना तापते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. पाण्याचा जोर पुरेसा नसेल तर गिझर पेटणारच नाही, मग तो कितीही नवा आणि महागाचा असो.

खर्चाचा हिशेब

व्यापारी माणसाला हिशेब दिला की गोष्ट लवकर पटते. मिनिटाला सहा लिटर पाणी सुमारे २५ अंशांनी तापवणारा गिझर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो. २० लिटरची एक बादली तापवायला सुमारे ५५ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये अडीचशेच्या आसपास बादल्या निघाल्या पाहिजेत. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी एक बादली धरली, तर सिलिंडर पन्नास दिवस चालावा. तुमचा सिलिंडर याच वापरात तीस-पस्तीस दिवसांत संपत असेल, तर कोठे तरी वायू गळतो आहे, किंवा ज्योत नीट जळत नाही, किंवा नळ्यांत क्षार बसले आहेत, असे समजावे आणि तपासणी करून घ्यावी.

घरी पाहण्यासारखे बिघाड

१. नळ सोडला, पण ‘टकटक’ होत नाही. प्रथम सेल पाहावेत. बहुतेक गिझरमध्ये टॉर्चचे मोठे, दीड व्होल्टचे दोन सेल असतात. दोन्ही एकाच वेळी बदलावेत. एक जुना, एक नवा असे करू नये. सेल बसण्याच्या पत्र्यावर हिरवा गंज असेल तर कोरड्या कापडाने किंवा बारीक पॉलिश कागदाने साफ करावा. बराच काळ गिझर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत.

२. सेल नवे असूनही आवाज नाही. आता पाण्याचा जोर पाहावा. एक लिटरचे भांडे गरम पाण्याच्या नळाखाली धरून ते किती सेकंदांत भरते ते मोजावे. बहुतेक गिझरना सुरू होण्यासाठी मिनिटाला दोन-अडीच लिटर पाणी तरी लागते. म्हणजे एक लिटर पंचवीस सेकंदांच्या आसपास भरले पाहिजे. जास्त वेळ लागत असेल तर पाणी आत येते त्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून धुवावी. टाकीतील गाळ आणि नळाचा गंज तेथेच अडकतो. शॉवरची छिद्रेही साफ करावीत.

महालातील जुन्या वाड्यांत आणि लागून-लागून असलेल्या घरांत ही तक्रार फार असते. टाकी न्हाणीघराच्या छतावर ठेवलेली असते आणि गिझर तिच्या खाली चार-पाच फुटांवर. एक मीटर उंचीच्या पाण्याने जो जोर येतो तो फार थोडा असतो. टाकीचा तळ गिझरपासून आठ ते दहा फूट तरी वर असावा. प्रत्येक गिझरसाठी लागणारा कमीत कमी जोर त्याच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो, तो विकत घेतानाच पाहावा. टाकी वर नेता येत नसेल तर छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो. अशा घरात गिझर बदलून काही उपयोग होत नाही, दुसराही तसाच बंद राहतो.

३. ‘टकटक’ होते, पण ज्योत पेटत नाही. सिलिंडर चालू आहे का, संपला आहे का, रेग्युलेटर नीट बसला आहे का, नळी दुमडली आहे का, ते पाहावे. नवीन सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते. तेव्हा नळ दोन-तीन वेळा बंद-चालू केल्यावर ज्योत येते. त्याहून जास्त वेळा प्रयत्न करू नये. न पेटलेला वायू आत साचतो आणि मग एकदम भडकतो.

४. पेटतो आणि वीस मिनिटांनी आपोआप विझतो. हा बिघाड नव्हे. अनेक गिझरमध्ये सुरक्षेसाठी वीस मिनिटांचे घड्याळ असते. नळ बंद करून पुन्हा सोडला की तो चालू होतो. हे घड्याळ काढून टाकण्यास मिस्त्रीला कधीही सांगू नये.

५. पाणी कोमट येते. गिझरवर हिवाळा-उन्हाळा असे बटण असते, ते हिवाळ्यावर आहे का पाहावे. पाण्याचा प्रवाह थोडा कमी केला तर पाणी जास्त तापते. एवढे करूनही कोमटच असेल आणि पाणी तापताना किटलीसारखा सूं-सूं आवाज येत असेल, तर नळ्यांत क्षार बसले आहेत असे ओळखावे.

येथेच थांबा

पुढील सहा खुणांपैकी एकही दिसली तर पाणी गरम येत असले तरी गिझर वापरू नये. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा आणि मिस्त्री येईपर्यंत चुलीवर पाणी तापवावे.

१. निळ्या ज्योतीऐवजी पिवळी किंवा लाल ज्योत.

२. गिझरच्या पत्र्यावर किंवा वरच्या भिंतीवर काजळी.

३. पेटताना ‘भप्प’ असा मोठा आवाज.

४. नळ बंद केला तरी ज्योत चालू राहणे. यात तांब्याची जाळी जळून जाते. प्रथम सिलिंडर बंद करावा, बाकीचे नंतर पाहावे.

५. गॅसचा वास. विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात. हा वायू हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो, म्हणून खालची दारे उघडणे महत्त्वाचे. गळतीसाठी १९०६ या क्रमांकावर रात्रंदिवस मदत मिळते. आग लागल्यास ११२ वर फोन करावा.

६. अंघोळ करताना किंवा बाहेर आल्यावर डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पाय लटपटणे. लोक याला थंडी किंवा पित्त समजतात. घरातील एकापेक्षा अधिक माणसांना अंघोळीनंतरच असे होत असेल तर संशय गिझरवरच घ्यावा.

हवेचा हिशेब

सहाव्या खुणेचे कारण समजून घेतले पाहिजे. एक किलो गॅस पूर्ण जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आता पाच फूट लांब, सहा फूट रुंद, आठ फूट उंच न्हाणीघर घ्या. त्यात सुमारे सात घनमीटर हवा मावते. आत टांगलेला गिझर दहा मिनिटे चालला तर दोन घनमीटरांहून अधिक हवेतील प्राणवायू तो एकटाच खाऊन टाकतो. खिडकी बंद, दाराला फट नाही, थंडी म्हणून झरोक्यात कापड कोंबलेले. मग आत उरते काय? प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होऊ लागतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधील गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, पण तो गॅस जळाल्यावर वासही जातो. त्यामुळे ‘वास आला की कळेल’ हा समज अगदी चुकीचा आहे. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही. त्याचे हातपाय ढिले पडतात आणि कडी उघडण्याची ताकद राहत नाही.

जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या बोरिवली भागात पंधरा वर्षांची एक मुलगी अंघोळीला गेली. आत गॅसचा गिझर होता आणि हवा खेळण्यास जागा नव्हती. दार तोडून तिला बेशुद्ध स्थितीत बाहेर काढले गेले आणि पुढे रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. दर हिवाळ्यात अशा बातम्या कोठून ना कोठून येतात. गिझर नवा होता की जुना, याला त्यात फारसा अर्थ नसतो. चांगला चालणारा गिझरसुद्धा बंद खोलीत हेच करील.

एकामागून एक अंघोळ करणाऱ्या कुटुंबात धोका वाढत जातो. पहिल्या माणसाने प्राणवायू खर्च केलेला असतो आणि तिसरा माणूस उरलेल्या हवेत दार लावून घेतो. घरातील मुले आणि स्त्रिया बहुधा मागाहून जातात, हे ध्यानात ठेवावे.

कोणी आत बेशुद्ध सापडले तर दार तोडून प्रथम मोकळ्या हवेत आणावे, सिलिंडर बंद करावा आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. आपल्या भागातून मेयो आणि मेडिकल ही दोन्ही सरकारी रुग्णालये जवळ आहेत. डॉक्टरांना ‘गॅसचा गिझर चालू होता’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. नाहीतर फिट किंवा हृदयविकार समजून वेळ जाऊ शकतो. बोटाला लावायचे साधे यंत्रसुद्धा अशा वेळी प्राणवायू ठीक असल्याचे दाखवते, कारण त्याला या विषारी वायूचा फरक ओळखता येत नाही.

गिझर कोठे बसवावा

उत्तर एकच आहे : न्हाणीघराच्या बाहेर. अंगण, गच्ची, गॅलरी किंवा बाहेरची भिंत येथे तो बसवावा आणि गरम पाणी नळाने आत न्यावे. पावसापासून वर पत्रा असावा, पण चारी बाजूंनी पेटी करून कोंडू नये. जोराचा वारा थेट ज्योतीवर येणार नाही असे पाहावे. गरम पाण्यासाठी साधा पीव्हीसी पाइप वापरू नये, तो मऊ पडतो. सीपीव्हीसी किंवा जीआय पाइप वापरावा. आपल्या गल्ल्या अरुंद आहेत, म्हणून गिझरची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत जाणार नाही, हेही पाहावे. आपल्या घरातील धोका शेजाऱ्याच्या घरात ढकलणे हा इलाज नव्हे.

घरात मोकळी जागा मुळीच नाही, न्हाणीघर जिन्याखाली आहे, बाहेरची भिंतही आपली नाही, अशा ठिकाणी गॅसचा गिझर घेऊच नये. विजेचा गिझर घ्यावा किंवा चुलीवर पाणी तापवावे. विजेच्या गिझरला वीस लिटरची बादली तितकीच तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. बिल थोडे वाढेल, इतकेच.

नवीन घेताना भारतीय मानकाची आयएसआय खूण पाहावी. घरगुती छोट्या गॅस गिझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे. विकणाऱ्याकडून पक्के बिल आणि हमीपत्र घ्यावे.

वर्षाची सर्व्हिसिंग

दिवाळीच्या सुमारास, म्हणजे थंडी सुरू होण्यापूर्वी, वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्यावी. थंडी पडल्यावर मिस्त्री मिळत नाहीत आणि घाईचे काम होते.

नागपूरचे नळाचे पाणी मुख्यतः कन्हान नदी आणि पेंच प्रकल्पातून येते. परंतु ज्या घरांत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी टाकीत चढवतात, तेथे पाणी जड असते. साबणाला फेस येत नसेल आणि तोट्यांवर पांढरा थर बसत असेल तर तेच पाणी गिझरच्या नळ्यांतही थर बसवीत आहे, असे समजावे. अशा घरी शक्यतो नळाचेच पाणी गिझरला द्यावे. थर काढण्यासाठी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात विरघळवून ते तांब्याच्या नळ्यांतून फिरवतात आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने धुतात. फरशी धुण्याचे तेजाब वापरू नये. थर लवकर निघतो खरा, पण तांबे आणि त्याचे जोडही खाल्ले जातात.

सर्व्हिसिंगमध्ये पुढील कामे झाली की नाहीत, हे मालकाने स्वतः उभे राहून पाहावे : बर्नर आणि त्याची छिद्रे साफ करणे, तांब्याच्या जाळीवरील काजळी काढणे, सेन्सरची दांडी पुसणे, रबरी पडदा तपासणे किंवा बदलणे, पाण्याची जाळी धुणे, आणि शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून गळती पाहणे. बुडबुडा आला तर गळती आहे. काडी पेटवून गळती पाहणाऱ्या मिस्त्रीला त्याच क्षणी थांबवावे. वायूची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. तिच्यावर तारीख छापलेली असते. तडा गेला असेल तर तारखेची वाट पाहू नये.

धंद्यात वापरणाऱ्यांसाठी

काही रंगारी, केशकर्तनालयाचे मालक आणि चहा-नाश्त्याचे दुकानदार घरगुती गिझर कामाच्या जागी लावतात. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, हा गिझर थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला आहे. रंगाईसाठी तासन्तास चालवला तर पडदा, स्विच आणि जाळी लवकर जातात. दुसरी, घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरण्यास २००० सालच्या एलपीजी पुरवठा व वितरण आदेशानुसार मनाई आहे. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. तो महाग पडतो, पण जप्ती आणि खटला त्याहून महाग पडतो.

मशिदीत वुजूसाठी गरम पाण्याची सोय करताना अनेक तोट्या एका छोट्या गिझरला जोडतात. मग सर्व तोट्या उघडल्यावर पाणी गार येते आणि एकच उघडली तर जोर कमी पडून गिझर विझतो. तेथे टाकीचा विजेचा किंवा सूर्याच्या उष्णतेवर चालणारा हीटर अधिक सोयीचा असतो. गॅसचाच लावायचा असेल तर उघड्या सहनात लावावा आणि जोडणी संस्थेच्या नावाने घ्यावी.

मिस्त्री बंधूंना दोन शब्द

आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी तरुण या दुरुस्तीच्या कामात आहेत. हात चांगला आहे, मेहनत आहे. परंतु गिऱ्हाईक म्हणते, ‘सारखा विझतो, सेन्सर काढून सरळ जोडून द्या,’ किंवा ‘जागा नाही, आतच टांगा.’ नाही म्हटले तर पाचशे-हजाराचे काम हातचे जाते आणि शेजारचा मिस्त्री ते करून देतो. तरीही नाही म्हणावे. सेन्सर सारखा गिझर विझवत असेल तर तो काही तरी सांगत असतो. त्याचे तोंड बंद केले तर पुढची खबर देणारा कोणी उरत नाही.

आम्ही कापडवाले रंग जाणारा माल पक्का म्हणून विकला तर गिऱ्हाईक चार दिवसांनी दुकानात येऊन भांडते. त्याचे पैसे परत देता येतात, माल बदलून देता येतो. बंद न्हाणीघरात गिझर टांगून दिलेल्या घरी मात्र असे काही परत करता येत नाही. म्हणून बिलावर स्पष्ट लिहावे : गिझर कोठे बसवला, कोणते काम केले, कोणते भाग बदलले, आणि जागा धोक्याची असेल तर तसे सांगितल्याचेही. यात मिस्त्रीचाही बचाव आहे आणि गिऱ्हाईकाचाही.

थोडक्यात, सेल, जाळी आणि पाण्याचा जोर हे घरी पाहावे. ज्योत, वास आणि काजळी हे मिस्त्रीवर सोपवावे. आणि ज्यांच्या घरी गिझर आजही न्हाणीघराच्या आत आहे, त्यांनी दुरुस्तीपूर्वी तो बाहेर काढावा. तोपर्यंत बादली बाहेर भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार-खिडकी काही वेळ उघडी ठेवावी आणि मगच आत जाऊन अंघोळ करावी. ही सवय आज संध्याकाळपासूनच लावता येते, तिला एक पैसाही लागत नाही.